वासाचे पन्नास रियाल

गाडी पांढरी होती, म्हणजे एकेकाळी.
सोहारला, समुद्राच्या अंगाला, खमीस बिन राशिदच्या दारात
बोरीच्या झाडाखाली उभी.
सात सीटा, अकरा वर्षं, दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर,
आणि डिझेल.

"डिझेल?" कंपनीत सगळे हसले होते.
"इथे माणसं पेट्रोलवर फिरतात, आणि हा
ट्रकचं तेल पिणारी शोधतोय.
उद्या विकायला काढशील तर कुत्रं विचारणार नाही."
काय सांगू त्यांना.
बारा वर्षं जनरेटरच्या खोलीत गेली,
कान त्याच बोलीत वाढले.
पेट्रोलचं इंजिन मला सोयऱ्यासारखं वाटतं,
गोड बोलतं, पोटातलं कळू देत नाही.
डिझेल खोकतं, आणि कुठे दुखतंय ते सांगतं.

फोनवरच बजावलं होतं, मी येईपर्यंत चालू करू नका.
बॉनेटवर तळवा ठेवला.
ऊन सोडून दुसरी ऊब नाही. माणूस खरा.
हीटरचा पिवळा दिवा विझेतो थांबलो
आणि किल्ली फिरवली.
धूर काळा, मग राखाडी, मग नुसती थरथरती हवा.
तिसऱ्या सिलिंडरला मात्र किंचित अडखळ,
आमच्या आत्याची जीभ 'र'वर अडते तशी.
चालेल, असं मनात म्हटलं.
तोंडाने म्हटलं, "हं."

हेमांगी तोवर मागच्या सीटवर जाऊन बसलेली, दार ओढून.
खमीस एकदम ओशाळला.
"भाभी, माफ करना," म्हणाला,
पोरं बोटीवरून आली की जाळी ह्यातच टाकतात,
तीनदा धुतली, वास जात नाही.
मग माझ्याकडे वळून, हलक्या आवाजात:
वासाचे पन्नास रियाल कमी करतो.

मी काचेतून पाहिलं.
हर्णैच्या बंदरावर वाढलेली बाई,
नऊ वर्षं एसीच्या बंद खोल्यांत,
डोळे मिटून बसली होती,
मांडीवर पर्स, पर्सवर हात,
कुणीतरी तिच्याशी बोलत असावं तशी.
काच दोन बोटं खाली आली.
"करू दे कमी," ती मराठीत म्हणाली, चेहरा कोरडा ठेवून.
"तुम्ही काही बोलू नका."

अठराशेला ठरली. मुल्किया माझ्या नावावर झाली.

डिझेल भरायला आम्ही ट्रेलरांच्या रांगेत लागतो.
शर्वी मागच्या काचेतून चाकं मोजते,
बावीस, बाबा, ह्याला बावीस!
पेशावरचा एक ड्रायव्हर आम्हाला पाहून
उगाचच मोठा भोंगा वाजवतो,
हत्तींच्या पाणवठ्यावर शेळी आल्यासारखा.
हाताचा वास दोन दिवस जात नाही.
जेवताना हेमांगी डावाने वाढते, लांबून.

दुसऱ्या उन्हाळ्यात, बुरैमीच्या वाटेवर, इंजेक्टर गेला.
तोच, तिसरा.
पहिल्याच दिवशी ऐकू आला होता मला,
ऐकूनही घेतली.
सनाइयातल्या शशींद्रनने एकशे चाळीस सांगितले.
म्हणजे वासाचे पन्नास गेले, वर पदरचे नव्वद.
हिशेब ऐकून हेमांगीने एवढंच विचारलं,
"आता 'र' नीट येतो ना?"

ईदला खमीसचा फोन येतो.
"कैसी है?" तो गाडीचं विचारतो,
माझं, पोरांचं, नंतर.
ह्या वर्षी त्याने विचारलं, वास?
गेला, मी म्हटलं. आणि खरंच गेला होता.
कधी, ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.
तो खूश झाला. अल्हम्दुलिल्लाह म्हणाला.
मी फोन ठेवला तेव्हा हेमांगी
भांडी विसळायची थांबली होती.

त्या शुक्रवारी बाजारातून तिने बांगडे घेतले,
मासळीवाल्याने बर्फ घातला, पिशवीला गाठ मारून दिली.
गाडीत बसताना आरशात दिसली मला,
नखाने ती गाठ सोडताना.
"अगं, पाणी सांडेल सीटवर."
ती बाहेर बघत होती.
मी हीटरचा दिवा विझेतो थांबलो.